बिनखिशाचं जाकीट

“ह्येका एकव खिसो नाय गो! वजनाचा जास्तीचा शिसा खय ठेवतलस?” मालवणातल्या डायव्हिंगच्या दुकानात पास्कूकाकांनी तिने निवडलेलं, हवा भरून तरंगायचं नवं, सुटसुटीत जाकीट उलटसुलट करून पाहिलं. “बापाशीचाच घाल. चार खिसे असत.”

बाबांचं जाकीट तिच्या मांडीवर होतं. बाबा गेल्यानंतर उद्या ती पहिल्यांदाच पर्यटकांना घेऊन समुद्रात उतरणार होती. तिसऱ्या खिशात तिच्या हाताला शिशाचे दोन गोळे लागले, तिच्या शाळेच्या लाल रिबिनीत बांधलेले.

लहानपणी पाण्याखाली ती भीतीने श्वास कोंडून धरायची आणि फुग्यासारखी वर जायची. मग ती खाली राहावी म्हणून बाबा एक गोळा तिच्या कमरेला अडकवत आणि बोटांनी खुणावत: सोड, हळूहळू सोड. शिकायला तिला दोन वर्षं लागली. ते एकदाही रागावले नाहीत. पुढे गोळे लागलेच नाहीत, तरी बाबांनी ते खिशातून काढले नव्हते.

रिबिनीची गाठ तिने तशीच ठेवली. छातीभर श्वास घेतला आणि हळूहळू सोडला.

“काका, बिनखिशाचाच द्या. बाबांनी माका जास्तीच्या शिशाची गरजच ठेवूक नाय.”