पुढच्या पानावरची चौकट

"धान अडकल्यास बाजूचे झाकण उघडावे." दुधरामने वाचलं आणि तो थांबला. सुशीलाबाईने झाकण उघडलं. घरी आणलेल्या नव्या धान-गिरणीची पुस्तिका तो श्रावणातल्या पोथीसारखी वाचत होता. एक ओळ सुरात, मग दम. तो दम घेईपर्यंत बायकोने तेवढं करायचं. पुढचं पान आधी पाहायचं नाही. पोथीचा नेमच तसा.

सौंदडच्या त्या अंगणात, मोहाच्या झाडाखालच्या खाटेवर, त्यांची लेक पुष्पांजली अर्धवट झोपेत ऐकत होती. ती पुस्तिका तिनेच लिहिलेली. नागपूरच्या कंपनीत ती हेच काम करायची. गिरणीची घरघर कानात शिरून अंगभर पसरली होती. आपली कोरडी ठणठणीत वाक्यं बाबांच्या तोंडून ओवीसारखी येतात, याचं तिला भारी सुख वाटत होतं. डोळा लागला. नवेगावचं तळं पांढऱ्या तांदळाने काठोकाठ भरलं. माय काठाशी वाकली. तिच्या हिरव्या बांगड्या किणकिणल्या.

"आत हात घालून अडकलेले धान काढावे."

माय तळ्यात हात घालू लागली. तळं घरघरत होतं. आणि पुष्पांजलीला पुढचं पान दिसलं. सावधान! हात घालण्याआधी गिरणी बंद करावी. ती लाल चौकट या पानावर मावेना, म्हणून तिनेच पुढे ढकलली होती. पान कसं देखणं दिसलं होतं तेव्हा!

"माय, हात नोको घालू!" ती किंचाळत उठली आणि अडखळत धावली.

सुशीलाबाईचा हात मनगटापर्यंत आत होता. "काऊन वो बोंबलून राहिली?" म्हणत तिने मूठभर धान बाहेर काढलं. पाचही बोटं धड होती. घरघर फक्त पुष्पांजलीच्या कानात उरली होती. गिरणीचा प्लग दुधरामच्या मांडीवर, पुस्तिकेखाली पडला होता.

"पर बाबा, बंद कराचं त पुढच्या पानावर आहे!"

दुधराम ओशाळला. नेम मोडल्याची चोरी पकडली गेली होती. "कालच शेवटवरी वाचून काढलो ना. तुयं नाव कोठी छापलं आहे, ते पाहून राहिलो होतो. नाही सापडलं मले."

पुष्पांजलीने मायचा हात गच्च धरला आणि ती रडू लागली. मग तशीच रडत तिने कंपनीला फोन लावला. ती पुस्तिका सातशे घरांत गेली होती, आणि त्यातल्या दुसऱ्या एकाही घरात तिचं नाव शोधणारा बाप नव्हता.