हाक पोचते का बघू

"आजोबा, आठ अँटेनावालाच राउटर घ्यायचा!" शाल्मली घुंगरू न सोडताच दुकानात निघाली होती. रविवारी तिची कथकची ऑनलाइन परीक्षा, आणि तिच्या खोलीत फोनवर शिकवणाऱ्या ताईंचा उचललेला पाय हवेतच अडकून राहायचा.

"आधी घरभर हाक पोचते का बघू," आजोबा म्हणाले. सगळ्यांना एकेका खोलीत पाठवून ते टीव्हीमागे, राउटरच्या कोपऱ्यात वाकले. "जेवायला चला!" शाल्मलीच्या खोलीतून उत्तर नाही.

मग ते पॅसेजमध्ये स्टुलावर चढले आणि तितक्याच आवाजात म्हणाले, "जेवायला चला!"

"आले!" शाल्मली किंचाळली. "आलोच!" बाथरूममधून बाबा. भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय केलंय?"

हसता हसता आजोबा स्टुलावरून पडणारच होते. "कळलं? आठ अँटेना कशाला? आपल्या जुन्यालाच इथे टांगू. पासवर्ड मात्र अवघड ठेवू!"

दुकानातून फक्त लांब वायर आली. राउटर पॅसेजमध्ये चढला, फोनवर ताईंचा पाय धप्पकन खाली आला आणि शाल्मलीनं घर दणाणून टाकणारी गिरकी घेतली.

पलीकडून काकू ओरडल्या, "आता तरी येऊ का जेवायला?"