फळ्यावरचा आकडा

उद्या लेबर ऑफिसातून साहेब येणार म्हटल्यावर तळेगावच्या भाजी पॅकिंग शेडच्या मालकाला, सर्जेरावआप्पांना, कायदा आठवला. "सायमा, तुझं अक्षर झ्याक हाय. फळ्यावर लिही: किमान वेतन, रोज पाचशे बारा. साहेब गेला की पुसून टाकू." सायमाच्या हातात तीनशेच पडत. मागं सोजराबाईनं नुसतं "एवढंच का?" विचारलं, तर दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत धाडलं. सकाळी आलेल्या साहेबांनी फळा वाचून सायमाला विचारलं, "एवढे मिळतात ना?" आप्पा शेजारीच उभे. "व्हय साहेब," सायमा म्हणाली आणि रागानं तिचे कान तापले. चहा पिऊन साहेब गेले. आप्पांनी ओलं फडकं मारलं. आकडा हलेना. सायमानं खडूऐवजी क्रेटवर नंबर टाकायचा ऑइलपेंट वापरला होता. "उद्यापासून येऊ नगंस!" आप्पा कडाडले. तोवर जमलेल्या अठरा बाया, पाढे म्हणावेत तशा, वाचत होत्या, "पाचशे बारा!"