बेकरीवाल्याचं नाक

काकांच्या आजारपणात बेकरीतला गॅसचा ओव्हन कित्येक महिने बंद पडून होता. आज ते पुन्हा कामाला लागले, तेही कुरकुरतच. बरे झाल्यापासून काकूंच्या हातचा चहासुद्धा त्यांना पाणचट लागायचा.

"अहो, मेकॅनिकला बोलवा. निदान पाइपला साबणाचं पाणी लावून तरी बघा!" काकू बाहेर काउंटरवरून ओरडल्या.

"बेकरीवाल्याचं नाक आहे हे! गॅस गळत असेल तर आधी याला कळेल."

काकांनी सिलिंडर चालू केला, केकचं सामान मांडून घेतलं, मग ओव्हनमध्ये डोकं घालून चांगलं हुंगून पाहिलं. वासाचा मागमूसही नव्हता. त्यांनी खुशीत काडेपेटी उचलली.

इतक्यात काकू नाक दाबून दारात आल्या. "शी! त्या मेल्या अंडीवाल्यानं पुन्हा नासकी अंडी गळ्यात मारली वाटतं. फेका आधी ती फोडलेली!"

काकांनी ट्रेकडे पाहिलं आणि पेटीवर टेकवलेली काडी तिथंच थबकली.



त्यांनी अजून एकही अंडं फोडलेलं नव्हतं.