चाळीस टक्के बिलो

सकाळी अकरा वाजता महापालिकेने पाणीबचत नमुना-बागेच्या निविदा उघडल्या. बोली पैशांची नव्हती, बाग किती पाण्यात जगवणार याची होती. सर्वांत कमी पाण्याची बोली ठेकेदार खरमाट्यांची होती, महापालिकेच्या अंदाजापेक्षा चाळीस टक्के कमी, म्हणजे ठेकेदारांच्या भाषेत ‘बिलो’. आधी काम घ्यायचं आणि मग वाढीव मंजुरी आणायची, ही त्यांची जुनी रीत.

“ते दिवस गेले, खरमाटे,” अभियंता बाई म्हणाल्या. “आता बागेला पाणी कमी पडलं, की तेवढं तुमच्या घरच्या नळातून आपोआप कापलं जातं. सही करा, नाहीतर काळ्या यादीत जाल.”

खरमाट्यांनी थकल्या आवाजात घरी फोन लावला.

“अहो, कुठं अडकलात?” बायको म्हणाली. “तुमची लाडकी लेक बाळंतपणाला माहेरी आलीय, आता घरात पाणी दुप्पट लागणार. काम मिळालं ना?”

“मिळालं.”

संध्याकाळी कार्यालय बंद होताना करार बिनसहीचाच होता आणि खरमाटे त्याच्यासमोर बसून होते.