पट्टीखालचा रंग

"एवढी पट्टी सोडून बाकी सगळी बोट चकाचक करा," बोटमालक म्हणाला. "पट्टीला मात्र हात लावायचा नाही. शनिवारी मी येतो, मग बघू."

पॉलिशवाल्याने मान डोलावली, पण त्याच्या मनात पाल चुकचुकली. पांढऱ्या बोटीच्या पुढच्या टोकाला हातभर चिकटपट्टी, आणि तिच्याखाली काय ते बघायचं नाही?

"भेग असेल तर आत्ताच सांगा हो, भरून देतो."

"भेग नाही." मालकाने आजूबाजूला पाहिलं. "आणि कोणी विचारलं तर काही बोलू नका."

एवढं बोलून तो निघूनच गेला.

चार महिन्यांपूर्वी पॉलिशवाल्याच्या दाजींच्या होडीला भर दुपारी एका बोटीने उडवलं होतं. दाजी गेले, होडी तळाला गेली, ठोकणारा पसार. लांबून कोणीतरी पांढरी बोट पाहिली होती, बस्स. पोलीस म्हणाले, पुरावा आणा. बहिणीने तेव्हापासून एकच धोशा लावला होता, "दादा, कोणी केलं ते शोध."

दाजींची होडी निळी. रंगाचे तीन हात पॉलिशवाल्यानेच दिलेले. पट्टीखाली निळा निघाला, तर या मालकाची खैर नव्हती.

दोन दिवस त्याने कळ काढली. शुक्रवारी राहवेना, तेव्हा पट्टी सोलली. खाली लांब ओरखडा, आणि त्यात हिरवा रंग.

"हं! निळ्यावरून हिरवा लिंपलाय बेट्याने," तो पुटपुटला. लबाडी झाकायला रंग फासणारे त्याने ढिगाने पाहिले होते. वरचा थर काढला की खालचा बोलतो, तीस वर्षं त्याने हेच केलं होतं. पाणी मारत, ओल्या पॉलिशपेपरने तो घासत गेला. हिरवा उतरला. निळा काही येईना. शेवटी त्याने मशीन फिरवलं. खाली नुसता पांढरा, डाग म्हणून नाही.

त्याला स्वतःचीच लाज वाटली. उगाच भल्या माणसावर संशय घेतला! त्याने गुपचूप नवी पट्टी लावून टाकली.

शनिवारी मालक आला तो इन्स्पेक्टरला घेऊन. मागे बहीण होती.

"ही बोट मी गेल्या महिन्यात जुनी घेतली," मालक म्हणाला. "ओरखडा बघून शंका आली, तसा पोलिसांत गेलो. आधीचा मालक याच धक्क्यावर पडीक असतो, म्हणून तुम्हालाही बोललो नाही. राग मानू नका."

इन्स्पेक्टरने पट्टीचं टोक धरलं. "रंग जुळला की सुटत नाही तो."

"पण होडी तर निळी होती," पॉलिशवाला कसाबसा म्हणाला.

बहिणीने पिशवीतून अर्धा उरलेला डबा काढला. कडेवर हिरवा रंग वाळला होता.

"ह्यांनीच लावला रे, जायच्या आधीच्या रविवारी. तुझा निळा झाकला तर तू चिडशील, म्हणून सांगू नकोस म्हणाले."