कोपऱ्यापासून तिसरं घर

“बूट इथेच काढायचे,” शैलजाबाई म्हणाल्या, तेव्हा पाचवीच्या बावीस मुलांनी आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग रुहीकडे. आजची गाइड म्हणजे रुहीची आजी, ही बातमी बसमध्येच फुटली होती.

“आज्जी, प्लीज,” रुही ओठ न हलवता म्हणाली. “इट्स अ म्युझियम. देऊळ नाहीये.”

“घर आहे ना? मग झालं.”

पायऱ्यांवर चव्वेचाळीस बुटांचा ढीग पडला. रुहीने आपले सगळ्यांत शेवटी काढले आणि आजीपासून जमेल तितकी लांब जाऊन उभी राहिली.

न्यू जर्सीतली ही वसाहत नव्वद वर्षांपूर्वी सरकारने शिवणकामगारांसाठी आखून बांधली होती. दोनशे घरं, सगळी एका साच्यातली, पांढरी, चपट्या छपराची. कारखाना सगळ्यांचा, दुकान सगळ्यांचं, गायीसुद्धा सगळ्यांच्या. कारखाना बुडाला, गायी गेल्या, घरं उरली. त्यातल्या एकाचं म्युझियम झालं होतं, आणि ते बघायला शाळांच्या सहली येत. शैलजाबाईंची आज पहिली टूर. नीट झाली तर म्युझियमच्या प्रमुख मिसेस हॉलंड त्यांना गाइडचा कायमचा बिल्ला देणार होत्या. नाही झाली तर पुन्हा जर्सी सिटीतला सत्ताविसावा मजला, आणि मुलगा-सून कामाला गेले की दिवसभर लिफ्टचा आवाज.

त्या मजल्यावर शैलजाबाईंच्या व्रताचे फार हाल होत. रोज एका न बोलावलेल्या पाहुण्याला खाऊ घातल्याशिवाय आपण जेवायचं नाही, हा त्यांचा एकोणीस वर्षांचा नियम. भारतात पाहुणे आवरत नसत. इथे कुरिअरवाल्याला दारात अडवून लाडू खायला लावावा लागे. देवाने तेही चालवून घेतलं होतं. आज मात्र दीड वाजला तरी पर्समधला डबा तसाच होता. मुलांना बाहेरचं काही द्यायचं नाही, हे मिसेस हॉलंडनी तीनदा बजावलं होतं. पोटात कावळे ओरडत होते.

“काकू, सोशलिझमचं हेच,” पालक म्हणून आलेला संग्राम म्हणाला. तो पुण्याचा, आयटीतला. “दोनशे घरं सेम टु सेम. माणूस स्वतःचं घर ओळखणार कसं?”

“मी ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये वाढले रे. तिथे नंबर कोण बघतंय? कोपऱ्यापासून मोजायचं. हे तिसरं.”

रस्ता खणल्यामुळे बस आज दुसऱ्याच टोकाला थांबली होती, हे काही त्यांच्या हिशेबात आलं नाही. गळ्यात म्युझियमची किल्ली होती, पण तिची गरजच पडली नाही. दार सताड उघडं होतं. मिसेस हॉलंडनीच उघडून ठेवलं असणार. कालपर्यंत आत रंगकाम चाललेलं, त्यामुळे आतलं घर शैलजाबाईंनी फक्त फोटोत पाहिलं होतं. पण स्क्रिप्ट तोंडपाठ होतं.

“हा मूळचा स्टोव्ह. हे मूळचं शिवणयंत्र. आणि खुर्चीतला हा पुतळा त्या काळच्या कामगाराचा. हात लावायचा नाही.”

एका मुलीने लावलाच.

“हात गार आहेत तुझे,” पुतळा म्हणाला. “सूप घेणार?”

मुलं एक पाऊल मागे सरली आणि मग खिदळायला लागली. स्क्रिप्टमध्ये पुतळा बोलत नव्हता. शैलजाबाईंची नजर टेबलावरच्या टीव्हीच्या रिमोटवर गेली, मग सोमवार-मंगळवार लिहिलेल्या डबीतल्या औषधाच्या गोळ्यांवर. त्या खुर्चीकडे वळल्या.

“हे कोपऱ्यापासून तिसरं घर ना?”

“या कोपऱ्यापासून, हो. म्युझियम त्या कोपऱ्यापासून तिसरं.” म्हाताऱ्याने हात पुढे केला. “मी रूबिन. इथेच जन्मलो.”

रुहीने डोळे मिटून घेतले. संग्राम छताकडे बघत राहिला. शैलजाबाई माफी मागून मुलांना बाहेर काढणार, तोवर कुणीतरी विचारलं, “तुम्हीही कधी चुकला होता का?”

“माझे वडील चुकले. शेजारच्या घरी जाऊन जेवले. शेजारीणही वाढत राहिली. तिचा नवरा आला, तेव्हा कळलं तिघांनाही.”

मुलं खालीच बसली. मग मिस्टर रूबिननी आईचं शिवणयंत्र चालवून दाखवलं, सगळ्यांच्या गायींपैकी कुठली लाथ मारायची ते सांगितलं. वीस मिनिटं कुणी घड्याळ पाहिलं नाही.

शैलजाबाईंनी हळूच डबा काढला. “घ्या. माझं व्रत आहे. तुम्ही देव मानता?”

“छे. देवाला इथला सभासद करून घ्यायचा ठराव आला होता. तोच मीटिंगला आला नाही.” त्यांनी लाडू उचलला.

पाहुणा आपल्याकडे यावा, की आपणच त्याच्या घरात घुसावं, याबद्दल व्रतात काही सांगितलेलं नव्हतं. शैलजाबाईंनी मनातल्या मनात हात जोडले आणि दुसरा लाडू स्वतः खाल्ला.

तेवढ्यात दारात मिसेस हॉलंड उभ्या राहिल्या. छातीशी क्लिपबोर्ड, चेहरा लालबुंद. “शैलजा, मी तिकडे पाऊण तास वाट बघतेय. हे यांचं राहतं घर आहे.”

“नऊ वर्षं तुमच्या बसेस समोरून जातात,” मिस्टर रूबिन म्हणाले. “नऊ वर्षं दुपारी मी दार उघडं ठेवतो. आत आली ती ही एकटीच.”

मिसेस हॉलंडनी उंबऱ्यात पाय टाकला. तोच रुही उठून त्यांच्या वाटेत उभी राहिली.

“आमच्या आज्जीचा रूल आहे,” ती म्हणाली. “बूट इथेच काढायचे.”

मिसेस हॉलंडनी तिच्याकडे पाहिलं, बुटांच्या ढिगाकडे पाहिलं. मग क्लिपबोर्ड खाली ठेवला आणि पायरीवर बसून नाड्या सोडायला घेतल्या.

मिस्टर रूबिननी डब्यातला आणखी एक लाडू घेतला आणि शैलजाबाईंना विचारलं, “उद्या किती वाजता चुकणार?”